प्रकल्प नको, अध्यासन हवे

मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते. एका गुजराती भाषक मुंबईकर व्यापाऱ्याने दूरच्या बंगालमधील विद्यापीठाला दिलेल्या या पैशातून एक शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे कित्येक दशके ती बंगाली सुशिक्षितांच्या घरात मोठ्या मानाची समजली जाई. १८८६ मध्ये ती आशुतोष मुखर्जी यांना मिळाली. त्यांनी आदल्याच वर्षी गणितात एम. ए. केले होते आणि विद्यार्थिदशेतच त्यांचे लेखन इंग्लंडमधील गणिती नियतकालिकांत छापून आले होते. त्यांना आयुष्यभर गणितच करायचे होते.

तसे झाले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपते. त्यानंतर उदरनिर्वाहासाठी पद लागते. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे तेव्हा परीक्षा घेत आणि पदव्या देत. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे होते. विद्यापीठात गणिताचे संशोधन करील अशा माणसासाठी एकही जागा नव्हती. कलकत्ता विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू गुरुदास बंद्योपाध्याय यांनी आशुतोषांसाठी अध्यासन निर्माण करता यावे म्हणून निधी जमवण्याचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. आशुतोष वकिलीकडे वळले आणि १९०४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. देशाला एक नामवंत न्यायाधीश मिळाला, पण एक गणिती हातचा गेला.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि पुढे आयुष्यभर सरकारी नोकर. त्यामुळे या हकिगतीतील जी गोष्ट माझ्या मनात राहते ती प्रतिभेविषयीची नाही, पदाविषयीची आहे. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, दुर्बीण लागत नाही, परदेशातून यंत्रे मागवावी लागत नाहीत. चांगले ग्रंथालय, समविचारी चार माणसे, शिकणारी मुले आणि उद्याच्या पगाराची चिंता नसलेले एक पद एवढ्यावर गणित चालते. तरीही आपल्या व्यवस्थेला नेमकी हीच गोष्ट देणे सर्वांत अवघड वाटत आले आहे. तेव्हा ही अडचण कशी सुटली आणि आज ती पुन्हा कशी उभी राहिली आहे, हे पाहण्यासारखे आहे.

आशुतोष १९०६ मध्ये कुलगुरू झाले. आपल्याला जे मिळाले नाही ते पुढच्यांना मिळावे, अशी त्यांची धडपड त्यांच्या प्रत्येक निर्णयात दिसते. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन आणि संशोधन करण्याची वाट मोकळी केली होती. बहुतेक ठिकाणी ती तरतूद कागदावरच राहिली. कलकत्त्यात ती अमलात आली. ६ सप्टेंबर १९०८ रोजी कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीची स्थापना झाली. आशुतोष तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९२४ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. १९०९ पासून सोसायटीचे बुलेटिन निघू लागले. भारतात बसून केलेले गणित भारतातच छापून जगासमोर ठेवण्याची सोय झाली.

मी राहतो त्या बेहालात जुन्या इतिहासाचा विषय निघाला की गाडी एका दस्ताशी येऊन थांबते. १६९८ मध्ये सावर्ण रायचौधुरी घराण्याने तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला दिले, तो व्यवहार इथल्या बडिशाच्या आटचाळ्यात झाला असे परंपरा सांगते. त्या तीन गावांतून कोलकाता वाढले. या दस्ताचे कौतुक आम्हा बेहालावासीयांना आहेच. पण माझ्या मते या शहराचे मोठेपण घडवणारे आणखी दोन दस्त आहेत आणि त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९१२ मध्ये तारकनाथ पालित या बॅरिस्टरांनी आपली जमीन आणि संपत्ती विज्ञान शिक्षणासाठी विद्यापीठाच्या स्वाधीन केली. १९१३ मध्ये कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी दहा लाख रुपये दिले. या पैशातून इमारती आणि प्रयोगशाळा उभ्या राहिल्याच. पण दात्यांनी प्रामुख्याने मागितली ती अध्यासने, आणि त्यांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी अशी अटही घातली. २७ मार्च १९१४ रोजी सायन्स कॉलेजची कोनशिला बसवण्यात आली.

घोष यांच्या देणगीतील उपयोजित गणिताच्या अध्यासनावर १९१४ मध्ये गणेश प्रसाद आले. ते मूळचे बलियाचे, केंब्रिज आणि गटिंगेन येथे शिकलेले. शुद्ध गणितासाठी व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या नावाचे अध्यासन होते. त्यावरील पहिले प्राध्यापक इंग्लंडचे विल्यम हेन्री यंग, आणि १९२३ पासून पुन्हा गणेश प्रसाद. १९२४ पासून घोष अध्यासन निखिलरंजन सेन यांच्याकडे आले. त्यांनी बर्लिनमध्ये माक्स फोन लाउए यांच्याकडे काम केले होते. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांची एम. एस्सी.ची पदवीही गणिताचीच होती, आणि तरुण वयात त्यांना उभे राहायला जागा दिली ती याच सायन्स कॉलेजने. अर्थखात्यातील भरपगारी नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन १९१७ मध्ये आले तेही पालित अध्यासनासाठी. सरकारी नोकरी सोडून विद्यापीठात यावे असे एखाद्या अधिकाऱ्याला वाटावे, एवढी त्या पदाची प्रतिष्ठा होती.

या पदांतून काय निघाले, हे एका साखळीतून सांगतो. तिचे एक टोक कलकत्त्यात आहे आणि दुसरे मुंबईत.

पहिली कडी श्यामादास मुखोपाध्याय. १९०९ मध्ये सोसायटीच्या बुलेटिनमध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अंड्यासारखी कोणतीही बंद, गुळगुळीत, बाहेर फुगीर वक्ररेषा घ्या. तिच्यावरून चालत गेलात तर वळण कुठे तीव्र होत जाते, कुठे सैल पडत जाते. तीव्र होता होता सैल पडू लागण्याचे, किंवा सैल होता होता तीव्र होऊ लागण्याचे असे बिंदू तिच्यावर किमान चार असतातच, हे त्यांनी सिद्ध केले. लंबवर्तुळावर ते नेमके चार असतात. आज जगभर हा ‘चतुःशीर्ष प्रमेय’ म्हणून शिकवला जातो आणि भूमितीच्या पुस्तकांत मुखोपाध्याय यांचे नाव त्याला जोडलेले असते.

दुसरी कडी त्यांचे शिष्य राजचंद्र बोस. होशंगाबादला जन्मलेले आणि दिल्लीत शिकलेले बोस कलकत्त्यात येऊन भूमितीकडे वळले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेला तेव्हा गणिती हवा होता, कारण शेतीच्या चाचण्यांनी एक विचित्र प्रश्न पुढे आणला होता. एका शेतात भाताचे पाच वाण पेरून तुलना करायची आहे, पण जमिनीचा कस सगळीकडे सारखा नाही. मग शेताचे पाच ओळी आणि पाच स्तंभ असे तुकडे करायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात एकदाच येईल असे पेरायचे, म्हणजे जमिनीच्या कसातील फरक बऱ्याच अंशी परस्पर मिटतो. सुडोकू सोडवणाऱ्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल; गणितात तिला लॅटिन चौकट म्हणतात. वाणाबरोबर खताचीही चाचणी घ्यायची असेल तर अशा दोन चौकटी एकमेकींवर ठेवून वाण आणि खत यांची प्रत्येक जोडी एकदाच यावी लागते. अशा चौकटी केव्हा मिळतात आणि केव्हा मिळत नाहीत?

उत्तरासाठी लागणारे बीजगणित कलकत्त्यात आणले ते फ्रीड्रिख विल्हेल्म लेव्ही यांनी. ते लाइपझिगचे प्राध्यापक. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीने त्यांना पदावरून काढले. १९३५ मध्ये गणेश प्रसाद यांच्या निधनाने हार्डिंग अध्यासन रिकामे झाले आणि कलकत्ता विद्यापीठाने त्यावर लेव्ही यांना नेमले. युरोपने हाकललेला माणूस कलकत्त्याच्या वर्गात आधुनिक बीजगणित शिकवू लागला. सान्त भूमितीवरील त्यांची व्याख्याने विद्यापीठाने १९४२ मध्ये प्रसिद्ध केली. आलेखशास्त्रातील ‘लेव्ही आलेख’ ही संज्ञा त्यांतूनच आली आहे. बोस यांनी हे नवे बीजगणित शेतीच्या त्या प्रश्नाला लावले आणि त्या क्षेत्रात जगात अग्रणी ठरले. १९४१ मध्ये विद्यापीठात सांख्यिकीचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी सी. आर. राव यांनी पंचविशीत लिहिलेला निबंध १९४५ मध्ये त्याच जुन्या बुलेटिनमध्ये आला. उपलब्ध माहितीवरून अनुमान काढताना अचूकतेची सीमा कोणती, हे सांगणारी ‘क्रामेर-राव मर्यादा’ त्यात आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या अनेक शाखांत ती आज रोज वापरली जाते.

तिसरी कडी मराठी वाचकांच्या जवळची आहे. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा, सागरचा, पदवी नागपूरची. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत त्यांची बोस यांच्या विषयाशी गाठ पडली. पुढे अमेरिकेत चॅपल हिल येथे बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. थोर गणिती ऑयलर यांनी १७८२ मध्ये एक अंदाज मांडला होता. सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौकोनात असे उभे करता येणार नाहीत की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच येईल; आणि सहाप्रमाणेच १०, १४, १८, २२ अशा संख्यांसाठीही ते अशक्य असावे. सहासाठी ऑयलर बरोबर होते. पण १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी दाखवून दिले की सहाच्या पुढे हा अंदाज सर्वत्र चुकतो. पावणेदोनशे वर्षांची समजूत ढासळली आणि २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

श्रीखंडे मायदेशी परतले आणि १९६० च्या दशकात त्यांनी मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग आणि तेथील गणिताचे प्रगत अध्ययन केंद्र उभे केले. १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथे होते. त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेल्या वासंती भट-नायक यांनी पुढे त्याच विभागाचे प्रमुखपद सांभाळले. श्रीखंडे १०२ वर्षे जगले. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

१९०९ चा निबंध आणि १९५९ चा शोध यांच्यामध्ये पन्नास वर्षे आहेत. या काळात कोणी कोणाला ‘निष्पत्ती’ विचारली असती, तर मधल्या कोणत्याही वर्षी उत्तर समाधानकारक आले नसते. प्रत्येक कडी जोडली गेली ती एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दीर्घकाळ जवळ केल्यामुळे, आणि तसे करता आले कारण शिक्षकाचे पद पक्के होते व तो शिकवत होता. माझ्या मते संशोधन आणि वर्ग एकाच छताखाली असणे हेच या साखळीचे बळ.

स्वातंत्र्यानंतर आपण दुसरा मार्ग धरला. उत्तम संशोधनासाठी विद्यापीठांबाहेर स्वतंत्र संस्था उभारल्या. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. सांख्यिकी संस्थेला १९५९ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था हा दर्जा मिळाला. माणसेही त्या दिशेने गेली. लेव्ही १९४८ मध्ये कलकत्ता विद्यापीठ सोडून टाटा संस्थेत आले. आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिताचे शिक्षक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दशकाहून अधिक काळ शिकवल्यानंतर तेही १९४० च्या दशकाच्या मध्यास त्याच संस्थेत दाखल झाले. या संस्थांनी देशाला जागतिक कीर्तीचे गणिती दिले, त्यात शंका नाही. पण तिथे चमकलेले सी. एस. शेषाद्री आणि एम. एस. नरसिंहन हे मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात फादर रासीन यांच्या वर्गात तयार झाले होते. संस्थेने पीक काढले. पेरणी महाविद्यालयातील शिक्षकाने केली होती. पेरणीची तजवीज मात्र आपण हळूहळू विसरलो.

दाता आणि विद्यापीठ यांच्या नात्याचा एक धडा मद्रासनेही दिला आहे. उद्योगपती अळगप्पा चेट्टियार यांनी १९५० मध्ये रामानुजन यांच्या स्मरणार्थ गणित संस्था स्थापन केली. हार्डी यांचे शिष्य टी. विजयराघवन तिचे पहिले संचालक. १९५५ मध्ये विजयराघवन गेले आणि १९५७ मध्ये चेट्टियारही गेले. संस्थेपुढे पैशाचा प्रश्न उभा राहिला. खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांनी पंतप्रधान नेहरूंना साकडे घातले आणि मद्रास विद्यापीठाने ती संस्था आपल्याकडे घेतली. १९६७ मध्ये विद्यापीठाचा गणित विभाग तिच्यात विलीन होऊन प्रगत अध्ययन केंद्र झाले. एका माणसाच्या औदार्यावर उभी राहिलेली संस्था त्या माणसामागे टिकते ती एखाद्या सार्वजनिक व्यवस्थेने तिला आधार दिला तरच.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. देशातील बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. तिथे कायम पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि शिकवण्याचा भार अस्थायी माणसांवर पडतो. महाराष्ट्रात त्यांना तासिका तत्त्वावरील प्राध्यापक म्हणतात. पश्चिम बंगालमध्ये २०१९ नंतर त्यांच्यासाठी ‘राज्य साहाय्यित महाविद्यालयीन शिक्षक’ असे वेगळे नाव आले. नाव काहीही असो, या पदावरच्या तरुण गणितीची सकाळ एका महाविद्यालयात, दुपार दुसऱ्यात आणि संध्याकाळ खासगी शिकवणीत जाते. डायमंड हार्बर रोडवर संध्याकाळी शिकवणीच्या पाट्या वाचत निघालो की त्यांतील कितीतरी नावांपुढे पीएचडी लिहिलेले दिसते. चतुःशीर्ष प्रमेयासारख्या प्रश्नावर दहा वर्षे घालवण्याची मुभा या माणसांना कोण देणार?

सरकारी कचेरीत हे का घडते, ते मी जवळून पाहिले आहे. यंत्रसामग्रीची मागणी आली की ती एकदाच करायचा खर्च म्हणून सुटते. वर्षअखेरीस पैसा उरला असेल तर लवकरच सुटते. पदाची मागणी आली की ती कायमची जबाबदारी ठरते. मग वेतन, निवृत्तिवेतन, आढावा समिती, पदनिर्मितीवरील बंदी असे शेरे पडत फाइल फिरत राहते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. हिशेबाची रीतच तशी आहे. पण या रीतीत गणितासारखा विषय नेमका सापडतो, कारण त्याला मागायला यंत्रे नसतात. त्याच्याकडे मागण्यासारखे असते ते पदच.

२०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करायचे आणि त्यातील मोठा वाटा खासगी व अन्य स्रोतांतून आणायचा, असे सरकारने तेव्हा जाहीर केले. विद्यापीठांतील, विशेषतः राज्य विद्यापीठांतील संशोधनाला बळ देणे हा त्याचा घोषित उद्देश आहे आणि तो स्वागतार्ह आहे. पालित आणि घोष यांच्या शहरात राहणाऱ्याला खासगी पैशाचे वावडे असण्याचे कारण नाही. माझी शंका पैसा कोणत्या रूपाने पोहोचणार याविषयी आहे. प्रकल्पाला साधारण तीन ते पाच वर्षांची मुदत असते, त्याला उद्दिष्टे लिहून द्यावी लागतात, आणि तो मागण्यासाठी मुळात पक्क्या पदावरचा माणूस लागतो. ज्या विभागात तसा माणूसच नाही, तिथे अर्ज कोण करणार? ज्यांच्याकडे आहे त्यांनाच आणखी मिळत जाईल.

म्हणून या निधीचा एक भाग अध्यासनांसाठी राखून ठेवावा. किमान वीस वर्षांची हमी असलेले अध्यासन राज्य विद्यापीठाच्या गणित विभागात असावे आणि पदव्युत्तर वर्गाला शिकवणे ही त्याची पहिली अट असावी. मूळ निधी महागाईबरोबर वाढत राहील अशी तरतूद दस्तातच हवी. १९१३ चे दहा लाख त्या काळी अनेक प्राध्यापकांना पोसत होते, तेवढ्याच आकड्याच्या व्याजावर आज एका प्राध्यापकाचे घरही चालणार नाही. राष्ट्रीय संस्थांतील गणितींनी वर्षातून एक सत्र शेजारच्या राज्य विद्यापीठात शिकवावे आणि त्याची नोंद त्यांच्या कामात व्हावी. बेहालाच्या दक्षिणेला जोका येथे व्यवस्थापन संस्था आहे, उत्तरेला बारानगरला सांख्यिकी संस्था आहे, मध्ये बालीगंज आणि राजाबाजार येथे विद्यापीठाचे गणित विभाग आहेत. एका शहरातील या संस्थांना एकमेकींच्या वर्गात जाण्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. वीस वर्षांची हमी मिळाली की माणूस सुस्तावतो, अध्यासन मर्जीतल्या माणसाला मिळते, असे अनुभव आपल्या विद्यापीठांनी पुरेसे दिले आहेत. यावर उपाय निवडीच्या वेळी करायचा असतो: बाहेरच्या जाणकारांची निवड समिती, कारणांसह प्रसिद्ध होणारा निर्णय, आणि दर पाच वर्षांनी विषयातील समकक्षांकडून आढावा. निवड चांगली झाली तर माणसाला मोकळे सोडावे. १९२२ मध्ये बंगाल सरकारने आर्थिक ओढग्रस्तीत असलेल्या कलकत्ता विद्यापीठाला अडीच लाख रुपये देऊ केले, पण सोबत नियंत्रणाच्या अटी घातल्या. आशुतोषांनी सिनेटसमोर ते अनुदान नाकारले. विद्यापीठाचे स्वातंत्र्य विकून पैसा नको, ही त्यांची भूमिका होती. पगार थकण्याची भीती असतानाही प्राध्यापक या भूमिकेमागे उभे राहिले. आज अनुदान देणारे केंद्र असो, राज्य असो वा उद्योगपती, हा प्रसंग त्यांनी आणि घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावा.

राज्यांचे अर्थसंकल्प सादर होतात तेव्हा विज्ञानासाठी किती कोटी, हा आकडा मथळ्यात येतो. वाचकांनी त्याबरोबर आणखी एक साधा आकडा मागावा: आपल्या जिल्ह्याच्या विद्यापीठात गणिताची मंजूर पदे किती आणि त्यांवर कायम माणसे किती. तो आकडा कोणालाही समजतो आणि तो मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो. गुरुदास बंद्योपाध्याय यांना एका तरुण गणितीसाठी एक पद उभे करता आले नाही, कारण त्या वेळी देश पारतंत्र्यात होता आणि विद्यापीठाकडे पैसा नव्हता. आज यांपैकी पहिले कारण उरलेले नाही आणि दुसरे पुढे करणेही कठीण आहे.